वेताळानंतर काय वाचावे? मोठ्यांसाठीच्या काही चित्रकादंबऱ्या

मराठी घरांमध्ये चित्रकथांचे वाचन बहुधा शाळेबरोबरच संपते. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आणि त्याची कवटीची गुहा, अमर चित्र कथेतले देव आणि इतिहासपुरुष, ‘टिंकल’मधला सुप्पंडी एवढ्यावर बहुतेकांचा या प्रकाराशी संबंध थांबतो, आणि पुढे एखाद्या मोठ्या पुस्तकदुकानात ‘ग्राफिक नॉव्हेल’ अशी पाटी असलेले कपाट दिसले तरी ते मुलांचे असावे असे समजून आपण पुढच्या दालनाकडे वळतो. त्या कपाटात नेमके काय आहे आणि कोणत्या आवडीच्या वाचकाने त्यातले कोणते पुस्तक आधी उचलावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. आत्मकथन वाचणाऱ्याला, रहस्यकथा वाचणाऱ्याला, भयकथा वाचणाऱ्याला तिथे आपापले काही ना काही सापडते.

निवड करताना एकच कसोटी लावली आहे: चित्रे काढून टाकली आणि नुसता मजकूर छापला, तर पुस्तकाचे किती नुकसान होईल? गाजलेली अनेक चित्ररूपांतरे या कसोटीवर तरत नाहीत, कारण त्यांत चित्र हे मजकुराच्या मागे मागे चालत असते. मजकुरात ‘तो रडला’ असे असते आणि शेजारी रडणारा माणूस काढलेला असतो. अशी पुस्तके पुढील शिफारशींत नाहीत.

पहिले पुस्तक निःशंकपणे ‘भीमायन’. दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने ते २०११ साली इंग्रजीत काढले. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा आहे, तर चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड परंपरेतल्या चित्रकार दांपत्याची. डॉ. आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलेल्या अस्पृश्यतेच्या अनुभवांवर ते आधारलेले आहे. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली भावंडे मसूर स्टेशनवर ताटकळतात तो प्रसंग, शिक्षण घेऊन परदेशातून परतल्यावर बडोद्याला राहायला जागा न मिळण्याचा प्रसंग, दौलताबादच्या किल्ल्यावरच्या पाण्यावरून उसळलेला संताप हे सारे महाराष्ट्रातल्या वाचकाने कुठे ना कुठे वाचलेले असते. तरीही हे पुस्तक नवे वाटते, आणि ते केवळ चित्रांमुळे.

व्याम दांपत्याने माणसांना चौकटींत कोंडायला नकार दिला. चित्रकथेचा मूलभूत घटक म्हणजे चौकट, आणि तीच इथे बाद आहे. तिच्या जागी गोंड भिंतचित्रांतल्या ‘डिगना’ नक्षीच्या वळत्या पट्ट्या पानाचे भाग पाडतात, त्यामुळे नजर डावीकडून उजवीकडे सरळ न जाता पानभर फिरते. आगगाडी सापासारखी सरपटते, किल्ला हिंस्र जनावर होतो, तहानलेल्या छोट्या भीमाच्या देहातच मासा उमटतो आणि सभेतल्या ध्वनिक्षेपकांतून शब्दांच्या जागी पाण्याच्या धारा लोकांवर पडतात. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह ज्याला ठाऊक आहे, त्याला या शेवटच्या चित्राचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. संवादांचे फुगेही दोन तऱ्हांचे आहेत. सौम्य बोलणाऱ्याच्या फुग्याला पक्ष्याचा आकार आहे, तर विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. न्हावी, टांगेवाला किंवा खानावळीचा मालक काय म्हणतो हे वाचण्याच्या आधीच तो डंख मारणार हे डोळ्यांना कळलेले असते. गद्य आत्मकथनाला ही सोय उपलब्ध नाही.

पुस्तकात एक उणीव आहे आणि ती सांगितली पाहिजे. आरक्षणाबद्दल कुरकुर करणाऱ्या तरुणाला एक स्त्री हा सारा इतिहास सांगते, अशी जी आजच्या काळातली चौकट मूळ कथेभोवती बसवली आहे, तिच्यातले संवाद प्रचारपत्रकाच्या वळणाचे आहेत. वृत्तपत्रांतल्या अलीकडच्या बातम्या मध्ये पेरल्या आहेत त्यांचा परिणाम होतो, पण त्या दोघांच्या गप्पांचा होत नाही. गोंड चित्रांनी जे दोन पानांत पोहोचवलेले असते ते पुन्हा समजावून सांगण्याची घाई तिथे झाली आहे.

याच प्रकाशनाचे आणि याच वर्षीचे ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ हे जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’वर, म्हणजे १८७३ सालच्या ग्रंथावर आधारलेले आहे. मजकूर पुन्हा श्रीविद्या नटराजन यांचा, चित्रे अपराजिता निनन यांची. काळ्यापांढऱ्या रेषांतले हे पुस्तक अधिक खट्याळ आहे. लेखिका आणि चित्रकार स्वतः पात्रे म्हणून त्यात वावरतात, वाद घालतात, थट्टा करतात. फुल्यांच्या मूळ ग्रंथातला उपहास या ढंगाशी चांगला जुळतो. चित्रकला म्हणून मात्र ते ‘भीमायन’च्या जवळपासही जात नाही.

भारतीय पुस्तकांचा विषय निघाला आहे तर ओरिजित सेन यांच्या ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’चे नाव घ्यावेच लागेल. नर्मदेवरील धरणांविरुद्धच्या आंदोलनातून आलेली ही चित्रकादंबरी १९९४ साली प्रसिद्ध झाली आणि भारतातली पहिली चित्रकादंबरी म्हणून बहुधा तिचाच उल्लेख होतो. कित्येक वर्षे ती मिळत नव्हती; २०२२ साली नवी आवृत्ती निघाली. आदिवासी गायकाने गायलेली सृष्टीच्या उत्पत्तीची कथा आणि शहरातून गेलेल्या पत्रकाराची शोधयात्रा असे दोन धागे तिच्यात आहेत, आणि दोन्हींसाठी रेखाटनाची रीत वेगवेगळी ठेवली आहे. पानांची संख्या कमी आहे, एका बैठकीत वाचून होते. आणीबाणीवरील ‘दिल्ली काम’ (Delhi Calm) हे विश्वज्योती घोष यांचे २०१० सालचे पुस्तक याच वाटेवरचे आहे. जुन्या छायाचित्रांसारख्या तपकिरी जलरंगातली पाने सुंदर आहेत, परंतु मजकुराची गर्दी वाचकाला दमवते.

आत्मकथन आणि कुटुंबकथा वाचणाऱ्यांनी आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’पासून सुरुवात करावी. दोन भागांत, १९८६ आणि १९९१ साली, पुस्तकरूपाने आलेल्या या कृतीला १९९२ साली पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. पोलंडमधल्या ज्यू वडिलांनी नाझींच्या छळछावण्यांतून जीव कसा वाचवला, ही कथा मुलगा न्यूयॉर्कमध्ये त्यांच्याकडून ऐकतो आणि काढतो. ज्यू हे उंदीर, जर्मन ही मांजरे, पोलिश लोक ही डुकरे अशी योजना आहे. ऐकताना ती बाळबोध वाटते, आणि हे पुस्तक न वाचता त्याच्यावर टीका करणारे येथेच थांबतात. वाचायला घेतल्यावर कळते की ही योजना लेखकाने जाणूनबुजून मोडण्यासाठीच मांडली आहे. वडील पोलिश असल्याची बतावणी करून रस्त्यावरून चालतात तेव्हा उंदराच्या तोंडावर दोरीने बांधलेला डुकराचा मुखवटा दिसतो. दुसऱ्या भागात पहिला भाग गाजल्यानंतरचा लेखक चित्र काढायच्या टेबलाशी बसलेला आहे. तो आता उंदीर नसून उंदराचा मुखवटा घातलेला माणूस आहे, आणि टेबलाखाली प्रेतांचा ढीग आहे. वंश ही लादलेली गोष्ट आहे हे सांगायला निबंधकाराला पाच पाने लागली असती.

या पुस्तकाचे मोठेपण मला वडिलांच्या चित्रणात अधिक जाणवते. छळछावणीतून वाचलेला हा माणूस कंजूष आहे, हेकट आहे, दुसऱ्या बायकोला छळतो, आणि अमेरिकेत कृष्णवर्णीयांबद्दल तुच्छतेने बोलतो. आत्महत्या केलेल्या पहिल्या पत्नीच्या वह्या त्याने जाळून टाकल्या आहेत हे कळल्यावर मुलगा त्याला खुनी म्हणतो. दुःख भोगल्याने माणूस थोर होतो असा भाबडा समज इथे कुठेही नाही. मराठीतली उत्तम आत्मकथने ज्यांनी पचवली आहेत, त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल.

‘माउस’नंतर मलिक सजाद यांचे ‘मुन्नू’ वाचावे, कारण ते उघडपणे त्याच परंपरेतले आहे. २०१५ सालच्या या पुस्तकात काश्मिरी माणसे हंगुल हरणांच्या रूपात येतात आणि बाकीचे सगळे माणसांच्या. हंगुल ही काश्मीर खोऱ्यातली नष्ट होत चाललेली जात आहे, तेव्हा रूपकाचा रोख वेगळा सांगायला नको. रेषा लाकडात कोरल्यासारखी दाट आहे. बालपणाचा पूर्वार्ध उत्तरार्धापेक्षा कितीतरी सरस आहे. मर्जान सत्रापी यांचे इराणमधल्या बालपणाचे ‘पर्सेपोलिस’ इतके प्रसिद्ध आहे की त्याच्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. ज्यांना इंग्रजी वाचनाचा फारसा सराव नाही त्यांनी मात्र तेच आधी घ्यावे, कारण त्यातली वाक्ये छोटी आहेत आणि चित्रे कमालीची स्वच्छ.

वृत्तपत्रीय लेखनाची आवड असलेल्यांसाठी जो सॅको. ‘पॅलेस्टाइन’ हे त्यांचे पुस्तक १९९१-९२ च्या हिवाळ्यातल्या भेटीवर आधारलेले आहे. सॅको स्वतःला चष्मेवाला, काहीसा घाबरट आणि बातमीसाठी हावरा असा काढतात, आणि म्हणून त्यांच्यावर विश्वास बसतो. ‘जर्नलिझम’ या २०१२ सालच्या संग्रहात उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यातील दलित वस्त्यांवरचा त्यांचा वृत्तांत आहे; भारतीय वाचकाने संग्रहातले तेच प्रकरण आधी उघडावे.

आता वेताळाकडे. ली फॉक यांचा हा नायक १९३६ सालचा, म्हणजे सुपरमॅनच्याही आधीचा. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा आणि कायदा हातात घेण्याचा परवाना स्वतःच स्वतःला देणे ही परंपरा त्याच्यापाशी दिसू लागते. असा पोशाख करून रात्री हाणामाऱ्या करणारे लोक खरोखर असते तर ते कसे असते, हा प्रश्न ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांनी ‘वॉचमेन’मध्ये विचारला. १९८६-८७ मध्ये ती बारा अंकांत आली. उत्तर सुखावह नाही: कोणी मनोरुग्ण, कोणी भाडोत्री गुंड, कोणी पोट सुटलेला निवृत्त गृहस्थ. एकाच्या ठायी खरी दैवी शक्ती आहे आणि तो माणसांत रस घेईनासा झाला आहे.

ही कादंबरी सावकाश वाचण्याची आहे. बहुतेक पाने तीन गुणिले तीन अशा नऊ समान चौकटींत बसवलेली आहेत आणि या शिस्तीमुळे जेव्हा चौकट मोठी होते तेव्हा छातीत धस्स होते. पाचवा अंक आरशासारखा रचला आहे: पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानाशी, दुसऱ्याची उपान्त्य पानाशी जुळते, आणि पहिल्या वाचनात हे लक्षातही येत नाही. चौथ्या अंकात मंगळावर बसलेल्या पात्राला भूत, वर्तमान आणि भविष्य एकाच वेळी दिसतात. चित्रकथेच्या पानावर तिन्ही काळ शेजारी शेजारी ठेवता येतात, म्हणूनच हा अनुभव इथे इतका सहज उतरला आहे. या कादंबरीवर निघालेला चित्रपट पाहून पुस्तकाबद्दल मत बनवू नये. मात्र मुलांना वाढदिवसाला देण्याचे हे पुस्तक नव्हे. हिंसा आणि लैंगिक अत्याचार दोन्ही त्यात आहेत.

भयकथेत जपान्यांचा हात धरणारे कोणी नाही. नारायण धारप रात्री दिवा चालू ठेवून वाचलेल्या पिढीला जुंजी इतो यांचे ‘उझुमाकी’ आवडेल असे वाटते, कारण भीतीचे मूळ इथेही एका साध्या गावात आणि साध्या गोष्टीत आहे. ही गोष्ट म्हणजे सर्पिल आकार. गोगलगायीचे कवच, पाण्यातला भोवरा, केसांच्या बटा, कानातली नळी. गावातल्या लोकांना हळूहळू हा आकार पछाडतो आणि मग त्यांच्या शरीरांतच शिरतो. इतो यांचे खरे कसब पान उलटण्याच्या क्षणात आहे. डावीकडच्या पानावर कोणीतरी दार उघडते आणि भयंकर ते पुढच्या पानावर असते, म्हणजे पाहायचे की नाही हे वाचकाच्या बोटांवर सोपवलेले असते. शेवटची प्रकरणे ताणलेली आहेत. सुट्या कथा म्हणून पहिली दहाबारा प्रकरणे अप्रतिम आहेत.

रहस्यकथेसाठी नाओकी उरासावा यांचे ‘मॉन्स्टर’. जर्मनीत काम करणारा एक जपानी मेंदूशल्यविशारद नगरप्रमुखाची शस्त्रक्रिया सोडून गोळी लागलेल्या मुलाला वाचवतो, आणि पुढे तोच मुलगा थंड डोक्याने माणसे मारू लागतो. अठरा खंड आहेत. मधल्या काही खंडांत नवनवी पात्रे येत राहतात आणि मुख्य कथा जागच्या जागी घुटमळते, पण सोडवत नाही हेही खरे. जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात, भाषांतरातही बहुधा तीच दिशा राखलेली असते. आपल्याला जे शेवटचे पान वाटते ते पहिले असते. डोळ्यांना सवय व्हायला एक प्रकरण पुरते.

ओसामू तेझुका यांच्या ‘बुद्ध’ या मालिकेबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. १९७२ ते १९८३ या काळात लिहिलेल्या या बुद्धचरित्राचे इंग्रजीत आठ खंड आहेत आणि भारतात ते बरे मिळतात. पहिला खंड जवळजवळ संपत येईपर्यंत सिद्धार्थाचा जन्मच होत नाही. तोवरची कथा आहे चाप्रा या शूद्र गुलामाची आणि तत्ता या अस्पृश्य पोराची, जे दोघेही तेझुकांच्या कल्पनेतले आहेत. जन्माने ठरलेल्या उतरंडीत माणसाचे काय होते हे आधी दाखवून मगच बुद्धाला रंगमंचावर आणणे, हा फार शहाणपणाचा निर्णय आहे. त्याच वेळी पात्रे मध्येच आधुनिक विनोद करतात, लेखक स्वतः गर्दीत डोकावतो, प्राण्यांचे चेहरे कार्टूनसारखे आहेत. बुद्धचरित्रात असा पोरकटपणा ज्यांना खपणार नाही त्यांनी लांब राहावे. मला तो खपतो, कारण त्यानंतर येणारी जंगलातली शांत पाने त्यामुळेच अधिक खोल वाटतात.

मुंबईवरची पुस्तके वेगळी काढावी लागतील. अमृता पाटील यांची ‘कारी’ (२००८) ही जाहिरातसंस्थेत काम करणाऱ्या, बाईवर प्रेम करणाऱ्या तरुणीची कथा आहे. शहर धुराने आणि गटारांनी भरलेले, रेषा कोळशासारखी काळी. गद्य इतके घट्ट विणलेले आहे की काही पानांवर माझ्या कसोटीच्या उलटे घडते, आणि चित्र काढून टाकले तरी मजकूर उभा राहतो. राम व्ही आणि पोर्तुगीज चित्रकार फिलिप आंद्रादे यांचे ‘द मेनी डेथ्स ऑफ लैला स्टार’ (२०२१) गमतीदार कल्पनेवर उभे आहे: अमरत्वाचा शोध लावणारे मूल मुंबईत जन्माला आल्याने मृत्युदेवतेची नोकरी जाते आणि तिला माणसाच्या देहात या शहरात उतरावे लागते. गुलाबी-नारिंगी रंगांतले आकाश मुंबईचे वाटत नाही, तरीही पुस्तक मनात राहते. एका प्रकरणाचा निवेदक तर चक्क पेटती सिगारेट आहे. राम व्ही यांचेच, सुमीत कुमार यांच्या चित्रांचे आणि आदित्य बिडीकर यांच्या अक्षरलेखनाचे ‘दीज सॅव्हेज शोअर्स’ अठराव्या शतकातल्या मलबार किनाऱ्यावर विलायती पिशाच्च उतरवते आणि तिथे त्याची गाठ त्याच्याहून जुन्या राक्षसाशी घालून देते. ईस्ट इंडिया कंपनीबद्दल इतके चपखल रूपक दुसरे आठवत नाही.

एवढ्या काळोखानंतर हसायचे असेल तर ॲस्टेरिक्स. मूळ फ्रेंच लेखक रेने गोसिनी आणि चित्रकार अल्बेर उदेर्झो यांनी १९५९ साली सुरू केलेल्या या मालिकेतला ‘द मॅन्शन्स ऑफ द गॉड्स’ हा अल्बम आधी घ्यावा. गॉलांचे, म्हणजे प्राचीन फ्रान्समधल्या लोकांचे, गाव लढाईत जिंकता येत नाही म्हणून सीझर गावाभोवतीचे जंगल तोडून रोमन श्रीमंतांसाठी निवासी संकुल बांधायला घेतो. नव्या रहिवाशांमुळे गावात मासळीचे भाव चढतात आणि गावकरी दुकाने थाटू लागतात. पुनर्विकासाच्या सभा ज्यांनी सोसल्या आहेत त्यांना १९७१ सालचे हे पुस्तक कालचे वाटेल.

इंग्रजी वाचायचे नसेल, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर पाहायचे असेल, तर शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचे ‘द अरायव्हल’ (२००६) आहे. त्यात एकही शब्द नाही. एक माणूस बायको-मुलीला मागे ठेवून परक्या शहरात पोटापाण्यासाठी जातो. तिथली लिपी, फळे, प्राणी सारे लेखकाने स्वतः निर्माण केलेले असल्यामुळे तो जितका गोंधळतो तितकेच आपणही गोंधळतो. कोकणातून मुंबईला, किंवा पुण्यातून परदेशी गेलेल्यांच्या घरांत यावर पुष्कळ बोलणे निघेल.

खरेदीबद्दल दोन गोष्टी. यांतले काहीही मोबाइलवर वाचू नये. दोन पानांवर पसरलेले चित्र तिथे मधोमध कापले जाते आणि फुग्यांतली अक्षरे मोठी करत बसावे लागते. रंगीत पुस्तकांच्या किमती चांगल्याच आहेत, तेव्हा जपानी मालिकांचा आधी एकच खंड घ्यावा, ‘वॉचमेन’ कोणाकडून तरी वाचायला मागून आणावे, आणि विकत घ्यायचे एकच ठरवले तर ‘भीमायन’ घ्यावे, कारण त्याची पाने पुन्हा पुन्हा उघडून पाहिली जातात.